दंड भरायचा की दाद मागायची?

नोंदणी नसलेली गाडी नाक्यावर अडवली गेली की आमच्या वस्तीतल्या माणसाला तीनच वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे शंभर-दोनशेची नोट घडी करून हवालदाराच्या मुठीत सरकवायची. दुसरी म्हणजे नगरसेवकाला नाहीतर ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन लावून तो फोन साहेबांच्या कानाशी धरायचा. आणि तिसरी म्हणजे मुकाट्याने पावती फाडून घ्यायची व घरी येऊन सरकारच्या नावाने बोटे मोडायची. चौथी वाटही आहे. ती कायद्यानेच आखून दिलेली आहे आणि न्यायालयापर्यंत जाते. पण त्या वाटेने जाणारा माणूस आमच्यात शोधावा लागतो. गेलाच कुणी, तर एकजण म्हणतो, दोन हजारांसाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची? दुसरा, आणि हा बहुधा आमचा शिकलेला, नोकरदार माणूस असतो, म्हणतो, गाडीची नोंदणीच नव्हती ना, मग भांडायला तोंड कुठले?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चळवळीने दिली पाहिजेत असे आम्हाला वाटते. कारण गाडी ही आता आमच्या पोरांच्या चैनीची वस्तू राहिलेली नाही, ती पोटाची बाब झाली आहे. गावकीची कामे सोडून शहरात आलेल्या बापाच्या पोराने रिक्षा घेतली, टेम्पो घेतला, जुनी मोटारसायकल घेऊन घरोघर पार्सल पोचवायला लागला. त्याची गाडी अडते तेव्हा त्याची चूल अडते. तेव्हा दंडाचा प्रश्न हा किरकोळ प्रश्न नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे कलम ३९ सांगते की नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येणार नाही आणि मालकाने ते चालवू देता कामा नये. कलम १९२ शिक्षा सांगते. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी २ हजार आणि जास्तीत जास्त ५ हजार रुपये दंड. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा ५ ते १० हजार दंड, किंवा दोन्ही. कलम २०७ खाली गाडी जप्तही होते.

हा केवळ पैसे उकळण्याचा कायदा आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचा सवाल आहे, रस्त्यावर मरतो कोण? फूटपाथवर झोपणारा कोण? पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उभी असते ती बाई कुणाची? सायकलवरून कारखान्यात जाणारा, हायवेच्या कडेने पायी चालणारा ऊसतोड मजूर कोण? ही सारी आमची माणसे आहेत. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर सापडला तर त्या घराला मोटार अपघात न्यायाधिकरणात माणसाच्या कमाईच्या हिशेबाने भरपाई मागता येते. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. तेही १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. नंबरप्लेटवरच्या चार आकड्यांची किंमत अशी असते. नंबर हा सरकारचा नुसता शिक्का नाही, तो रस्त्यावरच्या गरिबाच्या हातातला पुरावा आहे.

खुद्द मालकाचेही तेच. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली गाडी अपघातात मोडली, तेव्हा विमा कंपनीने भरपाई नाकारली आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. तशीच मुदत संपलेली दुसरी एक गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणातही २०२१ साली तोच निकाल लागला. हप्ते फेडतो कोण, तर आमचा माणूस. नोंदणी टाळून दोन पैसे वाचवले म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला चाळीसगावचा प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९२९ साल. अस्पृश्यांवरील अन्यायाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब फिरत होते. चाळीसगाव स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. महारवाड्यातल्या एकाने लगाम हाती घेतला. त्याला हाकण्याचा सराव नव्हता. वाटेत घोडा बुजला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. टांगेवाल्यांच्या जातीच्या माजाला आमच्या माणसांनी स्वाभिमानाने उत्तर दिले, ते योग्यच होते. परंतु त्या स्वाभिमानाची किंमत एका मोलाच्या जिवाला मोजावी लागता लागता राहिली, हेही बाबासाहेबांनी लपवलेले नाही. म्हणून आम्ही म्हणतो, रस्त्यावरचे सुरक्षेचे नियम हे आपले शत्रू नव्हेत. रस्ता आपल्याला मिळालाच पाहिजे, पण तो सुखरूपपणे मिळाला पाहिजे.

मग दंडाला आव्हान देणे अनैतिक आहे काय? अजिबात नाही. नियम मान्य असणे आणि नियम लावणाऱ्याचा प्रत्येक शब्द मान्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिपायाने पुस्तकात लिहिले म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही, तो न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो. आणि नाक्यावर 'नोंदणी नाही' या एका शब्दाखाली निरनिराळी प्रकरणे एकाच गोणीत भरली जातात. ती गोणी सोडून पाहिली पाहिजे.

जुनी मोटारसायकल विकत घेतली, आरसी बुक अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. गाडी तुझ्या नावावर नाही म्हणजे विनानोंदणीची, असे हवालदार दरडावतो. हे चूक आहे. ती गाडी नोंदलेली आहे, फक्त नावावर झालेली नाही. कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायला हवा. तो केला नसेल तर तो दोष आहे, पण दुसरा आहे आणि हलका आहे. जो गुन्हा केला नाही त्याचा दंड भरणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, तो भित्रेपणा आहे. तसेच कागद घरी राहिला म्हणून गाडी विनानोंदणीची ठरत नाही. २०१८ पासून नियमानेच मोबाईलवरचा सरकारी डिजिटल कागद दाखवण्याची सोय आहे. येथे दाद मागावी आणि ताठ मानेने मागावी.

नवी गाडी शोरूममधून बाहेर आली, पैसे नोंदणीसकट भरले, पण डीलरने महिनोन्‌महिने पासिंग केले नाही. येथे गाडी रस्त्यावर आणणाऱ्याचा दोष पूर्ण पुसला जात नाही, कारण नंबर नसताना त्याने ती चालवली आहे. परंतु संसदेने २०१९ साली १९२-ब हे कलम घातले आणि नोंदणीचा अर्ज न करणाऱ्या डीलरला वार्षिक रस्ताकराच्या पंधरा पट किंवा आयुष्यभराच्या कराइतका, यांतला जो जास्त असेल तो दंड ठेवला. मालकाला मात्र पाच पट किंवा एक तृतीयांश. म्हणजे कायद्यानेच डीलरचा दोष मोठा मानला आहे. अशा वेळी आमच्या माणसाने एकट्याने दंड भरून गप्प बसू नये. भरलेल्या पैशांच्या पावत्या घेऊन डीलरला पुढे आणावे.

तिसरे प्रकरण अवघड आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. पंधरा वर्षांपुढची गाडी वापरतो कोण? नवी घेणे परवडत नाही तो. आणि १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १ हजार रुपये झाले, तीनचाकीचे ६०० वरून अडीच हजार. रिक्षावाल्याचे तर आणखी वेगळे. कलम ५६ सांगते की फिटनेसचा दाखला नसेल तर प्रवासी-मालवाहतुकीची गाडी वैध नोंदणीची मानलीच जाणार नाही. नंबर आहे, बॅज आहे, परमिट आहे, पण फिटनेस संपला की रिक्षा कायद्याच्या डोळ्यांत विनानोंदणीची होते. येथे दोष आहे आणि गरिबीही आहे. गरिबीमुळे दोष नाहीसा होत नाही, पण शिक्षा किती असावी याचा विचार करताना गरिबी जमेस धरता येते. कलम १९२ च्या परंतुकात न्यायालयाला कारणे नोंदवून किमान दंडापेक्षाही कमी शिक्षा देण्याचा अधिकार दिलेला आहे. तेव्हा 'मी केले नाही' असे खोटे सांगण्यापेक्षा 'केले, परंतु का केले ते ऐका' असे सांगणे हीसुद्धा दाद मागणेच आहे. हे आमच्या लोकांना ठाऊक नसते, आणि त्यांना ते सांगणारा कुणी भेटत नाही.

चौथे प्रकरण तर कायद्याच्या माणुसकीचे आहे. रात्री बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, वस्तीत एकच गाडी आणि तिची नोंदणी नाही. अशा वेळी आजारी किंवा जखमी माणसाला नेण्यासाठी, संकटग्रस्तांना अन्न किंवा औषधे पोचवण्यासाठी गाडी वापरली तर कलम १९२ लागूच होत नाही. अट एकच आहे, सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवायचे. कायद्याने येथे दया दाखवली आहे आणि बदल्यात फक्त खरेपणा मागितला आहे.

हा खरेपणाच आमच्या म्हणण्याचा कणा आहे. पंचशीलातले चौथे शील आम्ही दर रविवारी विहारात हात जोडून घेतो. सोमवारी कोर्टाच्या आवारात ते मोडायचे असेल तर ते घ्यायचे कशाला? मागची तारीख टाकून विक्रीचा कागद तयार करणे, धाकट्या भावाला पुढे करून 'हाच चालवत होता' म्हणणे, नसलेला पेशंट उभा करणे, हे दाद मागणे नव्हे, ही लबाडी आहे. लबाडीने दोन हजार वाचतात, पण पुढच्या वेळी आमचा खरा माणूस उभा राहिला की त्याच्यावरही न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यायालयात 'गुन्हा कबूल नाही' असे म्हणणे म्हणजे आपोआप खोटे बोलणे होत नाही. त्या शब्दांचा कायद्यातला अर्थ, सरकारने पुरावा द्यावा, एवढाच आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाने सांगितले आहे. चावडीवर बोलावून, दोन थपडा मारून कबुली घेण्याची परंपरा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली त्यांना या हक्काचे मोल वेगळे सांगायला नको. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे. शिवाय घाईघाईने गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी-जास्त आहे एवढाच वाद उरतो, दोषाविरुद्ध अपील राहत नाही. तेव्हा आरोप खोटा असेल तर 'लवकर सुटका होईल' या आमिषाने कबुली देऊ नये.

कायद्याची आज्ञा पाळायची आणि त्याच वेळी तिच्याशी झुंजायचे, हे कसे जमवायचे? याचे उत्तर महाडने दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, हजारो माणसे जमली, आणि त्याआधीच सवर्णांनी महाडच्या न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. आलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी मनाईहुकूम मोडला नाही. तळ्याचा सत्याग्रह थांबवला आणि लढाई न्यायालयात नेली. ती दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तो मनाईहुकूम अन्यायाचाच होता. तरी बाबासाहेबांनी ना साक्षीदार फोडले, ना कुणाला फोन लावला, ना चिरीमिरी दिली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावले की संवैधानिक मार्ग उघडे असताना असंवैधानिक मार्गांचे समर्थन करता येणार नाही. या भाषणाचा उल्लेख आम्ही व्यासपीठावर नेहमी करतो. नाक्यावर मात्र विसरतो.

आता भेदभावाचे बोलू. नाकाबंदी वस्तीच्याच तोंडाशी का लागते? निळा झेंडा लावलेली मोटारसायकल अडते आणि पक्षाचा पट्टा लावलेली विनानंबरची जीप सलाम घेऊन पुढे का जाते? हा राग खरा आहे. परंतु त्या रागातून जी मागणी निघते ती तपासून घेतली पाहिजे. 'त्याला सोडले, मलाही सोडा' ही मागणी न्यायालयात टिकत नाही. अनुच्छेद १४ बेकायदेशीरपणात समान वाटा देत नाही, असे आपली न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. चळवळीची मागणी उलटी असली पाहिजे, 'मला धरले, त्यालाही धरा.' पहिल्या मागणीत भीक आहे, दुसरीत समता आहे. या मागणीला कायद्याचा आधारही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१०-ब सांगते की ज्यांच्याकडे या कायद्याची अंमलबजावणी आहे त्यांनीच गुन्हा केला तर त्यांना दुप्पट दंड होईल. विनानंबरच्या सरकारी गाडीची तारीख, वेळ, ठिकाण टिपून लेखी तक्रार करणारा एक कार्यकर्ता दहा घोषणांपेक्षा जास्त काम करतो.

आणि ही मागणी करायची तर १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपलीही गाडी नंबरासकट निघाली पाहिजे. नंबरप्लेटवर नंबराच्या जागी 'जय भीम' लिहिणाऱ्या तरुणांना आमचे प्रेमाने सांगणे आहे, ते नाव गाडीवर दुसऱ्या जागी लिहा, मनावर लिहा. नंबराची जागा नंबरालाच असू द्या. बाबासाहेबांच्या नावाआड नंबर लपला, ही टीका ऐकण्याची वेळ आणू नका.

चिरीमिरीचा आणि फोनचा मार्ग का नको, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा गुन्हेगार आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच कायदा माफ करतो. पण कायद्याचा धाक सोडून द्या. दिलेली नोट उद्या त्याच नाक्यावर दुसऱ्या गरिबाकडून मागितली जाते, कारण दर ठरलेला असतो. आणि नेत्याचा फोन हा फुकट नसतो, तो निवडणुकीत वसूल होतो. दोन हजारांचा दंड वाचवून पाच वर्षांचे मत गहाण टाकणारा माणूस स्वतःला हुशार समजतो, हे आमचे दुर्दैव आहे. लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून खरा दंड वर्षानुवर्षे थकवत ठेवणारेही फार वेगळे नाहीत.

कायदाच अन्यायाचा वाटत असेल तर एकट्याने चुकवून तो बदलत नाही. दिल्लीतल्या ई-रिक्षावाल्यांचे उदाहरण पाहा. त्या गाड्या विनानोंदणीच रस्त्यावर आल्या. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली आणि गोरगरिबांचा रोजगार एका दिवसात धोक्यात आला. प्रश्न सुटला तो २०१५ साली, संसदेने मोटार वाहन कायदा दुरुस्त करून ई-रिक्षाला कायद्यात जागा दिली तेव्हा. जुन्या गाड्यांच्या वाढीव शुल्काविरुद्धही असाच संघटित, उघड लढा हवा.

कुणी म्हणेल, हे सारे बोलणे सोपे आहे. रिक्षावाल्याने तारखेला गेले की दिवसाची कमाई बुडते, जप्त गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते आणि फायनान्सवाला हप्त्यासाठी दारात उभा राहतो. हे अगदी खरे आहे. न्याय मागण्याचा हक्क कागदावर सर्वांना सारखा आहे, तो वापरण्याचा खर्च मात्र गरिबाला जास्त पडतो. म्हणूनच ही लढाई एकट्या रिक्षावाल्यावर टाकून चालणार नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ सांगते की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला खटला भरण्यासाठी किंवा लढवण्यासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यात त्याच्या उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याला समिती असते. किती जणांनी तिथे आजवर अर्ज दिला? आपल्या समाजात आज वकिलांची वाण नाही. त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात बसून द्यावा. वस्तीतल्या गाड्यांची यादी करावी. कुणाची नोंदणी संपत आली, कुणाचा फिटनेस राहिला, कुणाची गाडी नावावर व्हायची आहे, ते पाहून अर्ज भरून द्यावेत. एजंटाला जाणारे पैसे वाचतील आणि निम्मे दंड नाक्यावर होण्याआधीच टळतील.

आणि ज्याला दंड झालाच, त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. कागदावर लिहिले आहे ते मी केले आहे का? केले असेल तर दंड भरावा, पावती घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी आरटीओत जाऊन नोंदणी करावी. परिस्थितीने करावे लागले असेल तर तेच न्यायाधीशासमोर उभे राहून सांगावे. आणि केले नसेल, तर एक रुपयाही भरू नये. मग रक्कम दोन हजार आहे की दोनशे, हे मोजत बसू नये. चवदार तळ्यावरही प्रश्न ओंजळभर पाण्याचा नव्हता.